दाराची जाळी आणि तिच्यातली दोरी

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर उन्हाळ्यात मोटरहोम उभी करणाऱ्याला एक गोष्ट पहिल्याच संध्याकाळी कळते. वारा पडला की दार उघडं ठेवता येत नाही. तिथे ‘मिज’ नावाचं चिलट असतं. त्याचं शास्त्रीय नाव क्युलिकॉइडिस इम्पंक्टेटस, आणि पंखाची लांबी जेमतेम दीड मिलिमीटर. मे ते सप्टेंबर हा त्याचा हंगाम. ताशी दहा-बारा किलोमीटर वेगाचा वारा असला तर ते उडत नाही. पण पहाटे आणि तिन्हीसांजेला हवा थांबली की दलदलीच्या जमिनीतून या चिलटांचे थवे उठतात. चावते ती मादी, आणि एकीने रक्त प्यायला सुरुवात केली की तिच्या अंगातून सुटणाऱ्या गंधाने बाकीच्या तिकडेच धावतात. माणसाला त्यांच्यापासून रोग होत नाही, पण बाहेर बसून चहा पिणं अशक्य होतं. दक्षिण फ्रान्सच्या कामार्ग पाणथळीत आणि नॉर्वे-फिनलंडच्या उत्तर भागात हाच त्रास डास देतात. अशा सगळ्या ठिकाणी माणूस आणि कीटक यांच्यामध्ये उभी असते ती दाराच्या चौकटीत बसवलेली, पंख्यासारख्या घड्या पडून बाजूला सरकणारी जाळी.

ही जाळी बिघडली की लोक म्हणतात, ‘जाळी गेली.’ मग नव्या जाळीची किंमत विचारतात. युरोपात अख्खा नवा संच घ्यायचा तर काहीशे युरो मोजावे लागतात, आणि गाडी जुनी असेल तर त्या मापाचा संच मिळेलच असं नाही. पण खाली वाकून नीट पाहिलं तर पुष्कळदा जाळीला काहीही झालेलं नसतं. तुटलेली असते ती तिच्या घड्यांमधून गेलेली दोरी. ती दोरी जेमतेम मिलिमीटरभर जाड असते आणि काही युरोंत मिळते. तिचा रस्ता एकदा समजला की ही दुरुस्ती जेवणाच्या टेबलावर करता येते. म्हणून या प्रकरणात मी जाळीपेक्षा दोरीबद्दल जास्त बोलणार आहे.

त्याआधी जाळीच्या पूर्वजांची थोडी ओळख करून देतो, कारण ती वस्तू आपण समजतो तितकी क्षुल्लक नाही. अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या जॉर्जटाउनला गिल्बर्ट अँड बेनेट ही कंपनी आधी घोड्याच्या केसांच्या आणि नंतर तारेच्या चाळण्या करत असे. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेकडचं गिऱ्हाईक तुटलं आणि तारेचं विणलेलं कापड पडून राहिलं. ते रंगवून खिडक्यांना लावण्यासाठी विकायला सुरुवात झाली, आणि माश्या अडवणारी जाळी घराघरात गेली. तोवर ती सोयीची वस्तू होती. ती जीव वाचवते हे कळायला आणखी चार दशकं गेली. २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादमध्ये डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी दिसला. तीन वर्षांनी, १९०० च्या उन्हाळ्यात, पॅट्रिक मॅन्सन यांनी एक प्रयोग मांडला. इंग्लंडमध्ये लाकडी झोपडी तयार करून ती इटलीला पाठवली आणि रोमजवळच्या ओस्टियाच्या, मलेरियासाठी कुप्रसिद्ध असलेल्या दलदलीत उभी केली. तिच्या दारांना आणि खिडक्यांना जाळी होती. लुई सांबोन आणि जॉर्ज लो हे दोन डॉक्टर आपल्या सोबत्यांसह जुलै ते ऑक्टोबर तिथे राहिले. दिवसा ते भटकत, सूर्य मावळायच्या आत झोपडीत येत आणि उजाडल्यावर बाहेर पडत. क्विनाइन घेतलं नाही. आजूबाजूची माणसं तापाने फणफणत होती. झोपडीतल्या कुणालाही मलेरिया झाला नाही. एका जागी तयार करून दुसऱ्या देशात नेलेली, जाळीचं दार असलेली ती खोली मला आजच्या मोटरहोमची फार जवळची नातेवाईक वाटते.

आता जाळीची वीण. फायबरग्लासच्या साध्या जाळीला बाजारात ‘१८ बाय १६’ म्हणतात. म्हणजे एका इंचात एका दिशेला १८ धागे, दुसऱ्या दिशेला १६. धागा साधारण ०.२८ मिलिमीटर जाड असतो. हिशेब केला तर एकेक भोक सुमारे १.१ बाय १.३ मिलिमीटरचं निघतं आणि एकूण क्षेत्रापैकी दोन-तृतीयांश भाग मोकळा राहतो. डास यातून जात नाही, माशी तर नाहीच. मिज मात्र जातं. त्याला अडवायचं तर भोक मिलिमीटरच्या बरंच खाली आणावं लागतं, आणि मग वाराही अडतो. त्यामुळे जाळी धड असूनही आत चिलटं येत असतील तर दुरुस्तीने काही होणार नाही. वीणच बदलावी लागेल. हे आधी ठरवून घ्यावं, नाहीतर चांगल्या दोऱ्या उगाच उसवल्या जातात.

घडीच्या जाळीची रचना पाहू. दाराच्या आतल्या बाजूला ॲल्युमिनियमची किंवा प्लॅस्टिकची उभी चौकट असते. एका उभ्या बाजूला जाळीची एक कड पक्की धरलेली असते. दुसरी कड एका उभ्या पट्टीला जोडलेली असते. हीच पट्टी आपण हाताने सरकवतो. तिला आपण सरकपट्टी म्हणू. वर आणि खाली खाच असते आणि तिच्यातून सरकपट्टीची टोकं धावतात. सरकपट्टी समोरच्या उभ्या बाजूला जाऊन टेकली की दार बंद. तिथे तिला धरून ठेवायला चुंबकाची पट्टी किंवा छोटी कडी असते.

एवढ्यावर भागलं असतं तर ही जाळी दोन दिवसही टिकली नसती. दाराची उंची पावणेदोन मीटरच्या आसपास आणि रुंदी साठ-सत्तर सेंटीमीटर. म्हणजे सरकपट्टी उंच आणि हलकी. माणूस तिला मध्यावर किंवा त्याच्याही खाली धरून ढकलतो. खालचं टोक पुढे जाईल, वरचं मागे राहील, पट्टी तिरपी होऊन खाचेत अडकेल. शिवाय घडीची जाळी मऊ असते. वाऱ्याने तिचं पोट फुगेल आणि घड्या खाचेतून बाहेर येतील. या दोन्ही गोष्टी दोरी थांबवते, आणि ज्या युक्तीने थांबवते ती युक्ती मला मनापासून आवडते.

एक दोरी घ्या. तिचं एक टोक जाळीच्या पक्क्या बाजूला, समजा जमिनीपासून एक मीटर उंचीवर, बांधलं आहे. तिथून ती आडवी निघते, प्रत्येक घडीला पाडलेल्या बारीक भोकातून ओवत सरकपट्टीपर्यंत येते. पट्टी आतून पोकळ असते. दोरी तिच्यात शिरून काटकोनात वळते आणि वर जाते. पट्टीच्या माथ्याशी पुन्हा वळून वरच्या खाचेत उतरते, आणि खाचेतून पुढे जाऊन समोरच्या उभ्या बाजूला, म्हणजे जिथे दार बंद होतं तिथे, पक्की होते. आता पट्टी सरकवा. जाळी जितकी उलगडेल तितका दोरीचा घड्यांमधला भाग वाढतो आणि बरोबर तितकाच खाचेतला भाग कमी होतो. दोरीची एकूण लांबी तीच राहते. म्हणून दार उघडं असो वा बंद, ताण सारखाच असतो, आणि त्याच ताणामुळे जाळीचं पोट फुगत नाही.

तिरपेपणाचं काय? समजा, पट्टीचं खालचं टोक पुढे पळालं आणि वरचं मागे राहिलं. वर जाणाऱ्या दोरीचा घड्यांमधला भाग वाढला, पण खाचेतला भाग त्या मानाने कमी झाला नाही. दोरी अपुरी पडते, ताणली जाते आणि खालच्या टोकाला मागे खेचते. उलट वरचं टोक पुढे पळालं तर हीच दोरी सैल पडेल आणि तिचा काही उपयोग होणार नाही. दोरी ओढू शकते, ढकलू शकत नाही. म्हणून उरलेल्या दोऱ्या पट्टीत शिरून खाली वळवलेल्या असतात आणि खालच्या खाचेतून जातात. त्या वरच्या टोकाला आवरतात. वर जाणाऱ्या आणि खाली जाणाऱ्या दोऱ्या मिळून पट्टीला कायम उभं ठेवतात. संगणक येण्याआधी वास्तुविशारदांच्या ड्रॉइंग बोर्डावर लांब आडवी पट्टी सरकत असे. तीही अशाच तारांवर समांतर राहायची.

यातून निदानाचा एक सोपा नियम निघतो, आणि तो लक्षात ठेवला तर चौकट न खोलताही दोष कुठे आहे ते सांगता येतं. पट्टीचं खालचं टोक बंद होण्याच्या दिशेने पुढे पळत असेल तर वर जाणारी दोरी तुटली किंवा सैल झाली आहे. वरचं टोक पुढे पळत असेल तर खाली जाणारी. पट्टी दोन्हीकडे डुलत असेल तर दोन्ही गटांत बिघाड आहे. आणि पट्टी सरळ चालत असूनही एका जागी अडकत असेल तर दोरीला हात लावू नका. खाचेत खडा, वाळू किंवा पायाने दबलेली कड सापडेल. मोटरहोमच्या दारात खालची खाच पायरीला लागूनच असते आणि चढता-उतरता सगळे तिच्यावर पाय देतात. समुद्रकिनाऱ्यावरच्या एका मुक्कामात तिच्यात मूठभर वाळू साठते. जुना टूथब्रश, बारीक तोंडाचा व्हॅक्यूम क्लीनर आणि दबलेली कड हळूच उघडायला पक्कड, एवढ्यावर काम होतं.

दोरी तुटते कुठे? सरळ रस्त्यात क्वचितच. तुटते ती वळणावर. पट्टीच्या दोन टोकांना प्लॅस्टिकचे छोटे तुकडे असतात, त्यांच्या कडेवरून दोरी प्रत्येक वेळी घासत वळते. बारीक धूळ त्या जागी पॉलिश कागदाचं काम करते. त्यामुळे नवी दोरी ओवण्याआधी त्या तुकड्याची कड बोटाने चाचपून पाहावी. दोरीने तिथे खोबण पाडली असेल आणि तिची धार लागत असेल, तर अगदी बारीक पॉलिश कागदाने ती घासून गुळगुळीत करावी. हे सोडलं तर नवी दोरीही त्याच जागी जाईल.

आणखी एक. एक दोरी तुटली असेल तर सगळ्याच बदलाव्यात, असं माझं ठाम मत आहे. बाकीच्याही त्याच वयाच्या आणि तितक्याच झिजलेल्या असतात. चौकट उतरवणं हेच या कामातलं निम्मं कष्टाचं काम. ते दर उन्हाळ्यात करायची काही गरज नाही.

दोरी कोणती घ्यावी? जुन्या दोरीच्या जाडीचीच, विणलेली पॉलिस्टरची. खिडकीच्या घडीच्या पडद्यांसाठी विकली जाणारी ०.८ ते १ मिलिमीटरची दोरी चांगली चालते. मासेमारीची विणलेली दोरी पुष्कळ लोक वापरतात आणि ती मजबूतही असते. पण ती फार बारीक घेतली तर घडीच्या भोकांच्या कडा कापते, आणि ती पॉलिएथिलीनची असेल तर इतकी निसरडी असते की साधी निरगाठ सरकत सरकत सुटते. एकेरी पारदर्शक तंगूस मात्र घेऊ नये. तो ताणाने लांबतो आणि गुंडाळीचा बाक सोडत नाही. सुती दोरा दमट हवेत आखडतो, नायलॉन ओलं झालं की सैलावतं. पावसाळी प्रदेशात फिरणाऱ्या गाडीत पॉलिस्टर बरं.

लांबीचा हिशेब मघाच्या युक्तीतूनच मिळतो. दार पूर्ण बंद असताना दोरीचा खाचेतला भाग शून्य होतो. म्हणजे दोरीची लांबी बरोबर दाराची रुंदी अधिक पट्टीतला उभा प्रवास. रुंदी ६५ सेंटीमीटर, उंची १८० सेंटीमीटर, आणि दोरी १०० सेंटीमीटर उंचीवर शिरून वर जाते असं धरा. उभा प्रवास ८० सेंटीमीटर, एकूण १४५. गाठींसाठी आणि हातात धरायला आणखी ३० सेंटीमीटर ठेवा. १७५ सेंटीमीटरचा तुकडा कापावा. प्रत्येक दोरीची उंची वेगळी, म्हणून लांबीही वेगळी. आधी कागदावर चौकटीचं चित्र काढून प्रत्येक दोरीला क्रमांक द्यावा, ती वर जाते की खाली ते बाणाने दाखवावं. निरनिराळ्या कंपन्यांच्या संचांत दोऱ्यांची संख्या आणि वळणं वेगळी असतात. तुमच्या दारातला रस्ता तुमच्याच दारातून टिपायचा. फोनवर फोटो काढा, पण चित्रही काढा. फोटोत पट्टीच्या आतलं काही दिसत नाही.

आता चौकट उतरवू. जाळी पूर्ण गोळा करून घड्यांच्या गठ्ठ्याला दोन-तीन ठिकाणी मास्किंग टेप गुंडाळा. हे न करता स्क्रू काढले तर घड्या सुटून जमिनीवर पसरतात आणि त्या पुन्हा ओळीत आणताना जीव जातो. चौकटीचे स्क्रू प्लॅस्टिकच्या छोट्या टोप्यांखाली दडलेले असतात. टोपी पातळ पात्याने उचला, स्क्रू काढून ते कुठून निघाले त्या क्रमाने टेपवर चिकटवून ठेवा. ते सगळे एका लांबीचे असतीलच असं नाही. मोटरहोमची भिंत म्हणजे दोन पातळ पत्र्यांमध्ये भरलेला फोम. त्यातून पायरीच्या आणि बाहेरच्या दिव्याच्या वायरी गेलेल्या असू शकतात. जिथे आखूड स्क्रू होता तिथे लांब घालू नये, आणि नवं भोक तर पाडूच नये. जुनं भोक सैल झालं असेल तर लाकडाची काडी गोंद लावून त्यात बसवा, वाळू द्या, आणि तोच स्क्रू पुन्हा घट्ट बसेल.

चौकट पलंगावर किंवा मोठ्या टेबलावर आडवी ठेवा. कोपऱ्याचे तुकडे सुटे करा. घाई फक्त इथेच महागात पडते: सगळ्या दोऱ्या एकदम कापू नका. एकेक बदला. शाबूत असलेल्या दोऱ्या शेजारणीला रस्ता दाखवतात आणि घड्या जागेवर धरून ठेवतात. जी दोरी अजून पूर्ण रस्त्याभर आहे तिचं शेवटचं टोक सोडवा, नव्या दोरीचं टोक त्याला सेंटीमीटरभर चिकटवून ठेवा, बारीक सुईदोऱ्याने दोन-तीन टाके घाला आणि फेव्हिक्विकसारख्या गोंदाचा अगदी थेंब लावा. जोड भोकातून जाईल इतका बारीक हवा. मग जुनी दोरी दुसऱ्या बाजूने हलकेच ओढायची; नवी आपोआप मागे येते. लेंग्याची नाडी बदलताना आपण नवी जुनीला बांधून ओढतो, तसंच.

तुटून निघून गेलेल्या दोरीसाठी रस्ता नव्याने काढावा लागतो. नव्या दोरीचं दोन-तीन सेंटीमीटर टोक त्याच गोंदात भिजवून ताठ वाळवा आणि तिरपं कापा. ते सुईसारखं होतं. घड्यांचा गठ्ठा घट्ट दाबून धरला की सगळी भोकं एका रेषेत येतात. गठ्ठ्याच्या मागे टॉर्च धरा. भोकांमधून प्रकाशाची बारीक रेघ दिसेल, तिच्यातून ताठ टोक पुढे सारा. एखादी घडी उलटी दुमडली असेल तर रेघ तुटलेली दिसते. आधी ती सरळ करा. ओवून झाल्यावर गठ्ठा उलगडून प्रत्येक घडी मोजल्यासारखी पाहा. एक भोक चुकलं तर तिथे घडी कायमची आडवी पडेल आणि हे चौकट बसवल्यावरच लक्षात येईल. पट्टीच्या पोकळीतून दोरी वर नेण्यासाठी पातळ लवचिक तार लागते. गिटारची जुनी तार यासाठी फार छान.

गाठी मारण्याआधी ताण. सगळ्या दोऱ्यांची शेवटची टोकं आधी कपड्यांच्या चिमट्यांनी तात्पुरती धरून ठेवा. ज्या दोरीचा पट्टीतला उभा प्रवास सर्वांत लांब, तिचा तिरपेपणावर सर्वांत जास्त ताबा असतो. म्हणून वर जाणाऱ्यांपैकी एक आणि खाली जाणाऱ्यांपैकी एक अशा दोन दोऱ्या आधी लावा. पट्टी अर्ध्यावर आणून वर आणि खाली, पक्क्या बाजूपासूनचं अंतर टेपने मोजा. दोन्ही आकडे सारखे आले पाहिजेत. वरचं अंतर जास्त असेल, म्हणजे वरचं टोक पुढे असेल, तर खाली जाणारी दोरी जराशी ओढा. खालचं जास्त असेल तर वर जाणारी. आकडे जुळले की बाकीच्या दोऱ्या फक्त लोंबणार नाहीत इतक्या ताणायच्या. त्यांनी पट्टीचं माप बदलता कामा नये. बारीक चौकटीला जास्त ताण दिला तर तिच्या उभ्या बाजू आत वाकतात आणि मग दार बंद होताना मध्ये फट राहते. बरोबर ताणाची खूण अशी: पट्टी एका बोटाने सरकते आणि जिथे सोडाल तिथेच थांबते.

शेवटच्या टोकाला आठच्या आकड्याची गाठ मारा. ती निरगाठीपेक्षा जाड असते, भोकातून निसटत नाही, आणि पुढे कधी सोडवायची झाली तर सुटते. पॉलिएथिलीनची दोरी असेल तर गाठीवर गोंदाचा एक थेंब टाका. मात्र गोंद दोरीच्या चालत्या भागावर ओघळू देऊ नका. गोंदाने ताठ झालेली दोरी वळणावर काडीसारखी मोडते. काही संचांत दोरी छोट्या स्प्रिंगला किंवा खाचेच्या खुंटीला अडकवलेली असते. तिथे गाठीची जागा थोडी चुकली तरी सांभाळून घेता येतं.

चौकट परत बसवताना स्क्रू आधी सगळे अर्धे फिरवा, पट्टी दोन-तीन वेळा पुढे-मागे चालवून पाहा, मगच कसा. दाराचं भोक नेहमीच काटकोनात असतं असं नाही. एका कोपऱ्यात स्क्रू जास्त आवळला तर सगळी चौकट पिळली जाते आणि टेबलावर नीट चालणारी पट्टी दारात अडकते. खाचेत तेल घालू नये. तेलावर धूळ बसून लगदा होतो. सिलिकॉनचा कोरडा फवारा कापडावर घेऊन पुसावा.

जाळीच खरोखर फाटली असेल तर? घडीच्या जाळीला मोठं ठिगळ लावता येत नाही, कारण ठिगळाची जाडी घडीला मिटू देत नाही. सुईच्या टोकाएवढं किंवा एकदोन धागे सुटल्याचं भोक असेल तर पारदर्शक नेलपॉलिशचा एक थेंब पुरतो. लांब चीर असेल तर बारीक पॉलिस्टर दोऱ्याने, घडीच्या रेषेला समांतर, फार न आवळता शिवावी. घडीच्या रेषेवरच जाळी कुजून फाटू लागली असेल, तर उन्हाने धागा मेला आहे असं समजावं. तिथे दोऱ्या बदलून काही उपयोग नाही. इस्त्री तर अजिबात फिरवू नका. कारखान्यात उष्णता देऊन बसवलेल्या घड्या उष्णतेनेच जातात.

काही गाड्यांत घडीऐवजी गुंडाळीची जाळी असते. तिच्या नळीत स्प्रिंग असते आणि जाळी सोडली की ती आपोआप आत जाते. तिचा नेहमीचा आजार म्हणजे स्प्रिंग ढिली पडून जाळी अर्ध्यावर थांबणं. नळी उतरवताना तिच्या टोकाची चौकोनी खिट्टी पक्कडीने घट्ट धरावी, ती किती फेरे उलगडते ते मोजावं, आणि बसवताना तितके फेरे देऊन वर एक-दोन जास्त द्यावेत. खिट्टी हातातून निसटली तर बोटं सोलते आणि फेऱ्यांचा हिशेबही जातो.

अमेरिकन मोटरहोममध्ये चित्र वेगळं असतं. तिथे मुख्य दाराला लागून बिजागरीवर फिरणारं जाळीचं दुसरं दार असतं, ॲल्युमिनियमच्या चौकटीचं, आणि आतून मुख्य दाराच्या कडीपर्यंत हात जावा म्हणून जाळीत प्लॅस्टिकची एक सरकती फळी. यात दोऱ्या नाहीत. जाळी चौकटीच्या खोबणीत रबराच्या गोल बीडिंगने दाबून बसवलेली असते. आपल्याकडच्या ॲल्युमिनियमच्या खिडक्यांना जाळी अशीच असते आणि तिच्यासाठी लागणारा छोटा चाकाचा रोलर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. जुनी बीडिंग उपटून काढायची, तिच्याच जाडीची नवी घ्यायची, जाळी चारही बाजूंनी थोडी मोठी कापून खोबणीवर पसरायची आणि एका कोपऱ्यापासून बीडिंग दाबत जायचं. जाळी हाताने ताणायची नाही. बीडिंग आत जाताना ती पुरेशी ताणते. हौसेने ताणली की चौकटीच्या लांब बाजू कमरेत आत येतात. उरलेली जाळी धारदार पात्याने बीडिंगच्या बाहेरून कापायची.

मघाची दोऱ्यांची युक्ती फक्त युरोपातल्या गाड्यांपुरती नाही. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीच्या दारांना बसवतात ती घडीची जाळी याच तत्त्वावर चालते. फक्त दार रुंद असतं, पुष्कळदा दोन्ही बाजूंनी सरकणाऱ्या दोन पट्ट्या असतात, आणि दोऱ्या जास्त. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास दिवसा चावतो, त्यामुळे आपल्याकडे ही जाळी सकाळपासून रात्रीपर्यंत सरकत असते आणि वळणावरची झीज लवकर होते. निदानाचा नियम तिथेही तोच. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. सह्याद्रीत आणि कोकणात अशा गाड्या घेऊन जाणाऱ्यांना किनाऱ्याची वाळू आणि पावसाळ्यातला दमटपणा दोन्ही सांभाळावे लागतील. जाळी ओली असताना गोळा करून ठेवली की घड्यांमध्ये बुरशी धरते. कोमट पाण्यात भांड्यांचा सौम्य साबण टाकून मऊ ब्रशने हलकेच धुवावी, पाण्याचा जोराचा फवारा मारू नये, आणि उलगडून पूर्ण वाळल्यावरच मिटावी.

गाडी हंगाम संपून उभी राहणार असेल तर जाळी गोळा केलेल्या अवस्थेत ठेवावी. घड्या त्याच आकारात राहतात आणि ऊन लागत नाही. उरलेली दोरी, जोडासाठी वापरलेली सुई आणि दोऱ्यांचे क्रमांक लिहिलेला कागद एका पाकिटात घालून गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. गाडी पुढे कुणाला विकलीत तर ते पाकीटही त्यांच्या हाती द्या.